रंगीत ढोबळीच्या ओळीत

आमचं मासिक पॉलिहाऊसवाले, रोपवाटिकावाले आणि फुलशेती करणारे लोक वाचतात. करमणुकीसाठी ते कुणी घेत नाही. किडीवर काय मारावं, कुठली जात बाजारात चालते, पाण्यातून खत किती सोडावं, एवढंच त्यांना हवं असतं. चिंचवड स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तिथे संपादक, मांडणी करणारी एक मुलगी, जाहिरातींचं बघणारा एक गृहस्थ आणि मी. लेख मी लिहिते.

या कामात भीती असते असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण फोन वाजला आणि पलीकडून "ताई, तुमचा लेख वाचून फवारणी केली," असं वाक्य सुरू झालं की पुढचे शब्द कानावर येईपर्यंत मी तो अंक काढून औषधाचं प्रमाण पुन्हा तपासायला लागते. बहुतेक वेळा पुढे "रिझल्ट चांगलाय" असंच ऐकू येतं. तरी पुढच्या फोनला मी अंक काढतेच. मुळातच मी भित्री. लातूरकडच्या गावातून, कृषीची पदवी घेऊन आणि लग्न होऊन चिंचवडला आले, तेव्हा हायवे ओलांडायलाही नवऱ्याचा हात धरायचे. तो चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तो म्हणतो, "तुझं भिणं म्हणजे इन्शुरन्स आहे. सगळ्याला आधीच भिऊन ठेवतेस, मग काही होत नाही."

ज्या दिवसाबद्दल सांगतेय, त्या दिवशी नेमकी मी आधी भ्यायचं विसरले होते. उलट खुशीत होते. संपादकांनी लाल-पिवळ्या ढोबळी मिरचीवर लेख सांगितला होता, आणि बऱ्याच महिन्यांनी शेतकरी म्हणून एका बाईचं नाव समोर आलं होतं. एरवी बायका राबतात आणि मुलाखत नवरा देतो.

चाकणच्या चौकात बसमधून उतरले, तर ती स्कूटी घेऊन उभीच होती. माझ्याच वयाची, डोक्याला स्कार्फ, अंगात साडीवर पुरुषी शर्ट. कंटेनरच्या रांगेतून तिने स्कूटी अशी काढली की मी डोळे मिटून बसले. वाटेत तिने घरची हकिगत सांगितली. जुनं गावचं घराणं. बरीच जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या तुकड्यावर हे पॉलिहाऊस. नवऱ्याचे टेम्पो कंपनीला लावलेले, तो दिवसभर त्यातच. शेती हिच्याकडे.

"बायका हायत चार कामाला," ती म्हणाली, "पर आज गावात हळद हाय, समद्या तिकडं गेल्या. म्हणलं बरंच झालं, मॅडमबरुबर निवांत बोलता यील."

पॉलिहाऊस मोठं होतं. एका अंगाला उसाचं रान, मागच्या अंगाला एका कंपनीची उंच भिंत. भिंतीपलीकडे पत्रे ठोकणारा प्रेस चालू होता. त्याची धप्प धप्प जमिनीतून पायाला जाणवायची. दाराशी चुन्याच्या ट्रेमध्ये पाय बुडवून, एक दार लावून मग दुसरं उघडत आम्ही आत गेलो. अशी दोन दारं असतात ती किडी आत येऊ नयेत म्हणून. आत पांढरा, सावली नसलेला उजेड होता. मिरचीची झाडं दोऱ्यांनी वर तारेला बांधलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच. दोन ओळींमध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट. एका वाटेतून शेजारच्या वाटेतलं काही दिसत नव्हतं, पानंच पानं.

बोलत बोलत आम्ही थेट मागच्या टोकापर्यंत गेलो. ती चांगली बोलत होती. थ्रिप्सनं तिला कसं रडवलं, मग चारी बाजूंची जाळी बदलून तिनं एकेक भोक कसं सुई-दोऱ्यानं शिवलं, हे सांगताना ती त्या जाळीवरून हात फिरवत होती. थ्रिप्स म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. ती पानातला रस तर पितेच, शिवाय झाडात व्हायरस सोडते. एक फूल तोडून मी पांढऱ्या कागदावर झटकलं. कागदावर काहीच पडलं नाही. मी तसं म्हणाले तेव्हा ती लाजली.

"तेवढी एक बाजू सोडून," ती म्हणाली. "उसाकडचं खालचं प्लास्टिक आज सकाळी फाटल्यालं दिसलं. कुत्री शिरत्यात. बाहेरनं फळी लावून, दगड रचून बंद केलंया. दुपारनंतर शिवती."

त्याच वेळी मला वास आला. उग्र, ओल्या कुत्र्यासारखा, पण त्याहून जड. "घूस मेली असंल," असं म्हणून ती वाकून बघत दुसऱ्या वाटेने परत दाराच्या दिशेने चालायला लागली. मी फोनवर फुलांचे फोटो काढत मागे राहिले. पाच-सहा पावलांवर ती थांबली. "बघा, हितं झाडं मोडल्यात," ती चिडून म्हणाली. "हे कुत्र्याचंच काम." मोडलेली फांदी उचलून दोरीला परत बांधता येते का, ते ती बघत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

तिच्या पुढे, शेजारच्या ओळीच्या बुडाशी, मला ठिबकची नळी वाफ्यावरून घसरलेली दिसली. नळीचं टोक वर उचललं गेलं आणि परत खाली टेकलं.

ती नळी नव्हती, शेपूट होतं. एवढं कळल्यावर पानांमागचं बाकीचं आपोआप दिसायला लागलं. पिवळं अंग, त्यावरचे काळे ठिपके, पुढे टेकवलेला पंजा. उसातून बिबट्या फिरतो हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. कंपन्यांच्या गेटवर त्याचे बोर्डही लावलेले असतात. पण बोर्ड वाचणं वेगळं. ती बाई माझ्या आणि त्या जनावराच्या मध्ये वाकून उभी होती आणि फांदीला गाठ मारत होती.

"ताई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "उठू नका एकदम. मागं मागं माझ्याकडं या."

ती शहाणी होती. का, असं विचारलं नाही. मान न वळवता पुढे बघितलं, आणि तिलाही दिसलं असावं, कारण तिचे खांदे ताठ झाले. एकेक पाऊल मागे टाकत ती माझ्यापर्यंत आली आणि माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"पळू नगंस," ती ओठ न हलवता म्हणाली. मॅडमची मी 'तू' कधी झाले, तिलाही कळलं नसेल.

तेवढ्यात ते उठलं. गुरगुरणं नाही, काही नाही. एक पान हललं, मग दुसरं, आणि ते दिसेनासं झालं. दिसत होतं तोवरची भीती एक होती, ही निराळी. आता ते कुठल्याही ओळीत असू शकत होतं. प्रेसच्या धप्प धप्पमध्ये पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. दार पुढच्या टोकाला, आम्ही मागच्या. मध्ये सगळ्या ओळी.

"ते कुत्रं नव्हतंच," ती पुटपुटली. "मी सकाळी फळी लावून ह्यालाच आत कोंडलं."

त्या क्षणी माझा फोन वाजला. जोरात. मी तो पाडलाच असता. संपादकांचा फोन होता. बंद करायला गेले आणि बोट चुकून तो उचलला गेला.

"फोटो आडवे काढताय ना?" ते म्हणाले. "कव्हरसाठी फक्त एक उभा लागेल."

"सर, बिबट्या आहे," मी कुजबुजले.

"आवाज येत नाहीये. काय आहे?"

"बिबट्या. पॉलिहाऊसमध्ये."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"पॉलिहाऊसमध्ये."

आमचे संपादक अत्यंत रुक्ष माणूस. एका विरामचिन्हासाठी वाद घालणारे. ते हळू आवाजात म्हणाले, "मी फोन ठेवतो आणि वनखात्याला लावतो. पत्ता माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त बाहेर पडा." आणि त्यांनी ते खरंच केलं. पोलिसांना, वनखात्याला, माझ्या नवऱ्याच्या कंपनीत, सगळीकडे त्यांनीच फोन केले, हे मला नंतर कळलं.

बाहेर पडायला एकच मार्ग होता. आमच्या पाठीमागची जाळी. तिच्या कमरेला छाटणीची कात्री होती. तिने ती काढली, उघडली, जाळीला लावली आणि थांबली.

"ताई, कापा," मी म्हणाले.

"थ्रिप्स आत यील," ती म्हणाली.

ती गंमत करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जी जाळी तिने टाका टाका घालून जपली, तिच्यात ती स्वतःच्या हातांनी भगदाड पाडणार होती. मग तिने ओठ आवळले आणि कात्री वरून खाली ओढली.

आधी तिने मला बाहेर ढकललं, मागून ती आली. बाहेर पॉलिहाऊस आणि कंपनीची भिंत यांच्यामध्ये अरुंद बोळ होता. गवत, जुनी पाइपं आणि मालाचे रिकामे प्लास्टिकचे क्रेट तिथे पडले होते. मला वाटलं, आता पळायचं. मी पळायला लागलेही होते. तिने मला ओढणीसकट मागे ओढलं.

"ह्या भगदाडातनं ते बाहेर आलं तर सरळ वस्तीत जाईल. शाळा सुटायची येळ झालीया. पोरं ह्याच वाटंनं येत्यात." बोलता बोलता ती क्रेट उचलून भगदाडाला लावायला लागली होती. "तू हे धरून उभी ऱ्हा. मी पुढनं जाऊन दाराला कडी घालती."

"मी नाही," मी म्हणाले.

"दुसरं कोन हाय हितं?"

ती गेली. मी पाठीने क्रेट दाबून उभी राहिले, मग वाटलं पाठ करणं वाईट, म्हणून वळले आणि हातांनी आणि छातीने ते दाबून धरले. क्रेटला फटी होत्या. फटीतून आतलं सगळं धूसर हिरवं दिसत होतं. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, ते आठवेना. आईने लहानपणी शिकवलेलं, रोज म्हणायची सवय असलेलं स्तोत्र, त्याची पहिली ओळसुद्धा येईना. फक्त एकच विचार फिरत होता, की मी आज घरातून निघताना डाळ भिजत घातली आहे आणि ती कुणी उपसणार नाही.

मग ते आलं. त्याला मोकळ्या हवेचा वास लागला असावा. वाटेच्या टोकाला ते उभं राहिलं, आणि तिथून चालत माझ्याकडे आलं. घाई नव्हती. क्रेटपासून दोन हातांवर ते बसलं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, भाता चालवल्यासारखा. तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट धपापत होतं. दुपारी पॉलिहाऊसच्या आत माणसाचाही जीव घुसमटतो, आणि त्या दिवशी हवा पडलेली होती. ते माझ्याकडे बघत होतं की माझ्या मागच्या उजेडाकडे, सांगता येत नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. त्याच्या मिशांना मिरचीचं एक पांढरं फूल चिकटलं होतं, मी त्या फुलाकडे बघत राहिले. माझी सलवार ओली झाली होती, हे मला बऱ्याच वेळाने समजलं.

लांबून तिची हाक आली, "लावली कडी. हायस का?"

आवाज काढायची हिंमतच नव्हती.

"अगं हायस का?"

"आहे," मी म्हणाले. त्या शब्दाने त्याचे कान हलले.

"कसं हाय ते?"

"धापा टाकतंय."

ती म्हणाली, "तापून मरंल ते आत. थांब, फॉगर सोडती."

झाडांवर धुकं सोडायला वर नळ्या असतात, उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून. तिने पंप चालू केला. फस्स असा आवाज झाला आणि छतातून पांढरं धुकं उतरायला लागलं. बिबट्या दचकून उठला, वर बघितलं, मागे सरला. आणि मग सगळंच पांढरं झालं. त्याचं डोकं, पाठ, शेवटी शेपूट. आता माझ्यासमोर फक्त धुकं होतं, आणि त्या धुक्यात कुठेतरी ते. त्या बाईने जनावराचा जीव वाचवण्यासाठी ते केलं, आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

ती पळत परत आली आणि माझ्या शेजारी क्रेटला टेकून उभी राहिली. तिचे दात वाजत होते. दोघी तशाच उभ्या होतो. "माझी सासू म्हणती, मला भ्याच न्हाई," ती मध्येच म्हणाली.

वनखात्याची माणसं आली, पोलीस आले, आणि त्यांच्याही आधी गर्दी आली. कंपन्यांची शिफ्ट सुटली होती. युनिफॉर्ममधली माणसं बसमधून उतरून धावत येत होती. कुणी भिंतीवर चढलं, कुणी पॉलिहाऊसच्या पन्हाळीवर. सगळ्यांचे फोन वर. "भावा, दिसतंय का?" "ए राव, सरक जरा." कुणीतरी दगड मारला. वनखात्याचा साहेब हात जोडून लोकांना मागे हटायला सांगत होता. मला वाटलं, आता ते बिथरणार आणि या सगळ्यांवर येणार. त्या गर्दीत मला आतल्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आत निदान एकच होतं.

बंदुकीतून बेशुद्धीचं इंजेक्शन सुटलं तेव्हा बारीक आवाज झाला. बऱ्याच वेळाने चौघांनी ते जाळीत घालून बाहेर आणलं. तरणं जनावर होतं, नर. डोळ्यांवर फडकं बांधलेलं, अंग धुक्याने निथळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीला धरून ओकले. माझा नवरा हेल्मेट हातात घेऊन गर्दीतून आला. मला धरून गाडीपर्यंत नेलं आणि स्वतःचं जॅकेट माझ्या कमरेला बांधलं.

बिबट्याने जेमतेम दहा-बारा झाडं मोडली होती. गर्दीने निम्मं पॉलिहाऊस तुडवलं.

मी दोन-तीन दिवसांनी ऑफिसला गेले. संपादकांनी स्वतः चहा मागवला. मी विचारलं, "सर, लेखात हे घ्यायचं का?"

"आपला वाचक मिरचीसाठी मासिक घेतो," ते म्हणाले. "बिबट्या वर्तमानपत्रात येऊन गेला. तुम्ही मिरचीचं लिहा. आणि पुढचे काही लेख फोनवरूनच करा. शिवारात जायची घाई नाही." लेख छापून आला. लागवड, छाटणी, जाळीची निगा, सगळं त्यात होतं. तिचा फोटोही होता, मिरचीच्या ओळीत हसत उभी, घटनेच्या थोडा वेळ आधीचा. तो फोटो मी मोठा करून बघितला. तिच्या मागे पानांशिवाय काही नव्हतं. तरी मी बघत राहिले.

त्यानंतर मला ओळींची भीती बसली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या दोन रांगांमधून जायचं तर मी नवऱ्याला फोन करून खाली बोलवायचे. मॉलमध्ये धान्याच्या रॅकांच्या मधे शिरायचे नाही. ट्रॉली घेऊन तोंडाशी उभी राहायचे आणि तो सामान आणायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हळूहळू जाते ही भीती म्हणाले. देहूरोडच्या एका रोपवाटिकेत मालकाने शेडनेटचं दार उघडून "या ना मॅडम," म्हटलं, तर मी बाहेरच खुर्ची मागितली. गुडघे दुखतात असं सांगितलं. त्या बिबट्याला कुठे सोडलं हे वनखातं सांगत नाही, आणि ते मला सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ठाऊक नाही.

मग एकदा तिचा फोन आला. भगदाडातून थ्रिप्स आले होते. आठवड्याभरात तिने जाळी परत शिवली, पण तोवर व्हायरस शिरला. मिरची उपटून टाकावी लागली. "आता काकडी लावलीया," ती म्हणाली. "यिऊन बघ. लेख न्हाई लिवलास तरी चालंल."

मी जाणार नव्हते. पण एका सुट्टीच्या दिवशी नवरा म्हणाला, "मी येतो बरोबर," आणि आम्ही गेलो. ती दारात उभी होती, हातात स्टीलचं ताट आणि लाटणं. मला वाटलं स्वयंपाकातून आली असेल. तिने आतलं दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभं राहून ताट बडवायला लागली. खूप वेळ. मग थांबून कान दिला.

"बायका आत यायला तयारच नव्हत्या," ती म्हणाली. "मी बी न्हवते. पंधरा दीस दारातनं परत फिरायचे. घरात कुनाला सांगितलं न्हाई. मग हे सुरू केलं. आता रोज सकाळी आधी वाजवायचं, मग आत."

काकडीचे वेल तारेपर्यंत गेले होते. पानं मिरचीपेक्षाही मोठी. नवरा दारात थांबला, दोन्ही दारं उघडी धरून. तिने किडीची पर्वा न करता त्याला तसं उभं राहू दिलं. आम्ही दोघी ओळीत शिरलो. ती पुढे, मी तिच्या शर्टाचं टोक धरून मागे. मध्येच कुठेतरी काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला आणि दोघी जागच्या जागी उभ्या राहिलो. तिने हळूच ताट एकदा वाजवलं. काही नाही. एक पिकलेली काकडी देठातून सुटून खाली पडली होती.

"चल," ती म्हणाली, पण तीही हलली नाही. थोडं थांबून आम्ही पुढे निघालो, आणि मागच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आलो.